ताप उतरला, पण मागे काय राहिले?



एरवी आपण या पानावर भाताच्या रोपाविषयी, करप्याविषयी, खताच्या हप्त्यांविषयी बोलतो. आज थोडे माणसाच्या डोक्याविषयी बोलू. विषय दवाखान्यातला वाटेल, पण तो तुमच्या-माझ्या घरातलाच आहे. शिवाय तो सांगताना मला माझी एक चूकही कबूल करायची आहे.

२०२१ सालचा भाद्रपद. पनवेल तालुक्यात गाढी नदीच्या खोऱ्यातील एका गावात मी पिकाची पाहणी करायला गेलो होतो. तिथले एक शेतकरी माझ्या चांगल्या ओळखीचे. वय पन्नाशीच्या आत, हात कामसू, हिशेब तोंडपाठ. कोणत्या खाचरात रोपाच्या किती मुठी लागल्या, हे वही न उघडता सांगणारा माणूस. त्या दिवशी त्यांचे खाचर पाहून मी थबकलो. भात काळेभोर हिरवे, पानांवर करप्याचे ठिपके आणि अर्धे पीक आडवे झालेले. चौकशी केली तेव्हा कळले, की युरियाचा एकच हप्ता त्यांनी चार दिवसांच्या अंतराने दोनदा टाकला होता. पहिला टाकल्याचे त्यांना आठवतच नव्हते.

मी चिडून बोललो, "अहो दादा, इतकी वर्षे शेती करता. लक्ष कुठे असते तुमचे?"

ते खाली बघत म्हणाले, "साहेब, डोक्यान धुका भरलाय. काय आठवत नाय."

मी ते हसण्यावारी नेले आणि पुढच्या शेतावर गेलो. ही माझी चूक.

पुढे दिवाळीच्या सुमारास त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनींकडून सारी हकिकत समजली. वैशाखात त्यांना कोरोना झाला होता. ताप पाच दिवस, तोही घरच्या घरी उतरला. पण त्यानंतर वास गेला तो गेलाच. तणनाशकाचा डबा उघडला तरी नाकाला पत्ता नाही. बोलता बोलता शब्द सापडेना. सकाळी दोन तास काम केले की अंग गळून जाई. शेवटी शहरात नेऊन मेंदूचा स्कॅन काढला. भाताचे आलेले पैसे त्यात गेले. रिपोर्टात लिहून आले, सर्व काही नॉर्मल. मग काय! घरातले वडीलधारे म्हणू लागले, "मशीनला काय सापडत नाय, म्हणजे हा आळस आहे. सोंग आहे सगळे."

वहिनींनी मला सरळ विचारले, "साहेब, मशीन खोटं बोलतंय, का हे खोटं बोलतात?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचले, ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. उत्तर असे निघाले, की मशीनही खोटे बोलत नाही आणि माणूसही खोटे बोलत नाही. हे कसे, ते आता सांगतो.

मशीन काय पाहते?

मेंदूचे चित्र काढण्याच्या दोन पद्धती आपल्या कानांवर असतात. एक सी.टी. स्कॅन. त्यात क्ष-किरण वापरतात. दुसरी एम.आर.आय. त्यात क्ष-किरण नसतात, मोठे चुंबक असते. आपल्या शरीराचा मोठा भाग पाण्याचा. पाण्यात हायड्रोजन असतो. चुंबकाच्या पोकळीत माणसाला निजवले, की या हायड्रोजनचे कण ठरावीक दिशेने सरळ होतात. मग रेडिओच्या लहरींनी त्यांना हलवायचे आणि परत जागेवर येताना ते जो संदेश देतात तो टिपायचा. जिथे पाणी जास्त तिथला संदेश वेगळा, जिथे चरबी जास्त तिथला वेगळा. त्यावरून संगणक चित्र तयार करतो. या पद्धतीच्या शोधाबद्दल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड या दोघा शास्त्रज्ञांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दवाखान्यातील रोजच्या एम.आर.आय.मध्ये डॉक्टर डोळ्यांनी काय शोधतात? रक्तस्राव झाला आहे का, गाठ आहे का, रक्ताची गुठळी अडकून एखादा भाग मेला आहे का, सूज आहे का. म्हणजे ठळक बिघाड. असा बिघाड नसेल, तर रिपोर्टात 'नॉर्मल' लिहितात, आणि ते बरोबरच असते.

आता आपल्या शेतातले उदाहरण घ्या. खाडीकाठच्या आपल्या खारजमिनीत उधाणाचे पाणी एकदा शिरून गेले, की पावसाळ्यात वरून पाहणाऱ्याला काय दिसते? माती तीच, बांध तोच, पाणीही तेच. पण रोप पिवळे पडते, फुटवे येत नाहीत. बांधावर उभा राहणारा म्हणेल, जमीन उत्तम आहे. मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला, की आकडा सांगतो, क्षार वाढले आहेत. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते. बांधावरून पाहणे चूक नाही, पण ते मोजणे नव्हे.

मेंदूचेही असेच आहे. विषाणूच्या आजारानंतर मागे राहणारे काही फरक इतके बारीक असतात, की ते डोळ्यांना दिसत नाहीत. ते मोजावे लागतात, आणि एकट्या माणसात नव्हे, शेकडो माणसांत मिळून मोजावे लागतात.

आधीचा नमुना, नंतरचा नमुना

तुम्ही म्हणाल, कोरोनानंतर मेंदूत फरक दिसला, तर तो कोरोनामुळेच झाला हे कशावरून? तो आधीपासूनच असेल. प्रश्न अगदी रास्त आहे. आम्ही नवे खत तपासतो तेव्हा नुसत्या खत घातलेल्या वाफ्यावरून निकाल देत नाही. शेजारी खत न घातलेला तुलनेचा वाफा ठेवतो, आणि पेरणीपूर्वीच दोन्हींची माती तपासून ठेवतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खारजमिनीत टिकणारे भाताचे वाण तयार झाले, तेही अशाच तुलनेतून पारखून.

पण माणसाचा 'आधीचा नमुना' कुठून आणायचा? आजारी पडण्यापूर्वी कोण स्कॅन काढून ठेवतो? इथे एक योग जुळून आला. इंग्लंडमध्ये यूके बायोबँक नावाचा मोठा उपक्रम आहे. त्यात हजारो निरोगी माणसांचे मेंदूचे स्कॅन कोरोना येण्यापूर्वीच काढून ठेवले होते. साथ आल्यावर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्यांपैकी ७८५ जणांचे दुसऱ्यांदा स्कॅन केले. वय ५१ ते ८१. दोन स्कॅनच्या मधल्या काळात ४०१ जणांना कोरोना होऊन गेला होता, उरलेल्या ३८४ जणांना झाला नव्हता. म्हणजे एक प्रयोगाचा वाफा, दुसरा तुलनेचा. लागण आणि दुसरा स्कॅन यांत सरासरी १४१ दिवसांचे अंतर होते. ४०१ पैकी १५ जणांनाच रुग्णालयात ठेवावे लागले होते. बाकीच्यांना आजार सौम्यच झाला होता.

मार्च २०२२ मध्ये 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात निकाल प्रसिद्ध झाला. कोरोना होऊन गेलेल्यांच्या मेंदूत वासाशी आणि आठवणीशी संबंध असलेल्या काही भागांची झीज तुलनेच्या गटापेक्षा सरासरीने ०.२ ते २ टक्के जास्त भरली. काही बौद्धिक चाचण्या पुऱ्या करायलाही त्यांना वेळ अधिक लागू लागला होता.

हा आकडा वाचून घाबरू नका. वयानुसार प्रत्येकाच्याच मेंदूची दर वर्षी थोडी झीज होत असते. शिवाय हा सगळ्यांचा सरासरी आकडा आहे. म्हणजे कोरोना झालेल्या प्रत्येकाचा मेंदू झिजला, असा त्याचा अर्थ नाही. आणि झीज झाली म्हणजे विषाणूने मेंदू कुरतडला, असेही नाही. नाकातून वासाची खबर येणे थांबले, की ती खबर घेणारा भागही सुस्तावत असावा, असा एक तर्क आहे. पाटाचे पाणी बंद झाले, की पुढची चारी गाळाने भरते, तसेच काहीसे.

आपल्या देशातील तपासणी

हे केवळ परदेशातच दिसले असे नाही. दिल्लीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी कोरोनातून बरे झालेल्या ४६ जणांचे सहा महिन्यांच्या आत एम.आर.आय. काढले आणि ते ३० निरोगी माणसांशी ताडून पाहिले. त्यांनी वापरलेली पद्धत रक्त, लोह अशा पदार्थांमुळे चुंबकत्वात पडणारा बारीक फरक टिपते. बरे झालेल्यांत मेंदूच्या पुढच्या भागात आणि मेंदूच्या देठात फरक आढळला. २०२२ च्या अखेरीस शिकागो येथे क्ष-किरणतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी हे मांडले. या लोकांच्या तक्रारी कोणत्या होत्या? थकवा, झोप न लागणे, लक्ष न लागणे, विसरणे. आपल्या गाढीकाठच्या शेतकऱ्याच्या तक्रारींशी ताडून पाहा.

फ्रान्समधील मार्सेय येथे २०२१ साली वेगळा मार्ग धरला गेला. मेंदूचे खाद्य म्हणजे साखर. अल्प किरणोत्सारी साखर शिरेतून देऊन, मेंदूचा कोणता भाग ती किती खातो हे पाहणारा पेट स्कॅन असतो. तक्रारी रेंगाळलेल्या ३५ जणांच्या मेंदूत वासाचा, आठवणीचा आणि देठाचा भाग निरोगी माणसांपेक्षा कमी साखर वापरताना आढळला. आकाराने भाग जागच्या जागी, पण काम मंद. बैल उभा आहे, पण जू ओढत नाही, तशी ही गत.

मेंदूचा खारबांध

सर्वांत लक्षात राहण्यासारखे काम आयर्लंडमधील डब्लिनचे. खाडीकाठच्या वाचकांना ते चटकन समजेल.

आपल्या शेताला खारबांध असतो. खाडीचे पाणी बाहेर, गोडे पाणी आत. उघाडीतून हवे तेवढेच पाणी जायचे-यायचे. मेंदूलाही निसर्गाने असाच बांध दिला आहे. रक्तातून मेंदूला प्राणवायू आणि साखर मिळते, पण रक्तातील नको ते पदार्थ आत शिरू नयेत म्हणून रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी घट्ट एकमेकींना चिकटून उभ्या असतात.

डब्लिनच्या संशोधकांनी शिरेतून एक द्रव्य दिले, जे एम.आर.आय.मध्ये उठून दिसते, आणि ते बांध ओलांडून मेंदूत झिरपते का हे पाहिले. ज्यांच्या तक्रारी उरल्या होत्या आणि डोक्यात धुके असल्याचे जे सांगत होते, त्यांच्यात हा बांध जास्त झिरपत होता. तक्रारी आहेत पण धुके नाही, अशांत तितका नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तपासलेली माणसे थोडी होती, तेव्हा हाच शेवटचा शब्द नव्हे. पण डोक्यातले धुके ही केवळ मनाची समजूत नाही, शरीरात तिची खूण मोजता येते, एवढे त्यातून दिसले.

हे वाचले तेव्हा मला ते आडवे पडलेले भात आठवले. त्यांनी मला 'धुका' हाच शब्द सांगितला होता. खांड पडलेली असताना मी शेतकऱ्यालाच आळशी ठरवून आलो होतो.

मग आपणही स्कॅन काढावा काय?

थांबा. इथेच पैसा वाया जातो.

वर सांगितलेली सारी मोजणी संशोधनासाठी आहे. ती गटागटांची तुलना आहे. एका माणसाचा स्कॅन पाहून 'तुला कोरोनाचा उरलेला त्रास आहे' असे सांगता येईल, अशी तपासणी दवाखान्यात नाही. त्यामुळे केवळ खात्री करून घ्यायला म्हणून कर्ज काढून स्कॅन काढू नका. स्कॅन नॉर्मल आला म्हणून आजाऱ्याला खोटेही ठरवू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने या त्रासाची व्याख्या स्कॅनवरून केलेली नाही, लक्षणांवरून केली आहे. कोरोना झाल्यावर साधारण तीन महिन्यांनंतर आढळणारी, निदान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणे. कोरोना झालेल्या १०० जणांपैकी साधारण ६ जणांना असा त्रास होतो, असे ही संघटना सांगते.

यातले 'दुसऱ्या कुठल्या आजाराने' हे शब्द महत्त्वाचे. विसरणे आणि थकवा यांची बरे होण्याजोगी कारणे पुष्कळ आहेत. रक्त कमी असणे, थायरॉइड, साखर, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोप न होणे, मनाची उदासी. आणि आपल्या धंद्यातले एक खास कारण, कीटकनाशकाची फवारणी. तोंडाला फडके न बांधता, उघड्या हातांनी फवारणी करणाऱ्याला डोकेदुखी, गरगरणे, गोंधळणे होऊ शकते. डॉक्टरांना हे आपण होऊन सांगा. यांतील बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. स्कॅन लागेल की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

मात्र काही वेळा स्कॅन तातडीने लागतो. तिथे तासभरही दवडू नका. तोंड अचानक वाकडे होणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, बोबडे बोलणे, फिट येणे, कधी नव्हे इतके भयंकर डोके दुखून उलट्या होणे, तापात माणूस गुंगीत जाणे. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. भातशेतीच्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर यातलाच. त्यात मेंदूच्या आतल्या भागावरचा परिणाम साध्या एम.आर.आय.मध्येही पुष्कळदा स्पष्ट दिसतो.

एम.आर.आय.ला जाताना अंगावर लोखंड नको. मंगळसूत्र, जोडवी, करगोटा, पट्टा, मोबाईल बाहेर ठेवा. हृदयाला पेसमेकर असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल किंवा अंगात छर्रा राहिला असेल, तर आधी सांगा. नातेवाइकांनीही हे पाळावे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात प्राणवायूची टाकी घेऊन त्या खोलीत गेलेला एक तरुण टाकीसह चुंबकाकडे खेचला गेला आणि प्राणास मुकला.

घरी काय करावे?

१. वही ठेवा. कोणत्या दिवशी काय विसरले, किती वेळ काम झाले, झोप किती लागली, हे दोन ओळींत लिहा. डॉक्टरांना ही वही रिपोर्टाइतकीच उपयोगी पडते.

२. काम तोडून तोडून करा. एका दिवशी जोर करून पुढचे तीन दिवस अंथरुणात पडण्यापेक्षा, रोज थोडे काम आणि मध्ये विसावा बरा. दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते.

३. वास गेला असेल, तर नाकाला सराव द्या. लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीस सेकंद, मन लावून घ्यावेत. हे काही महिने नेटाने करावे लागते.

४. वास येत नाही तोवर गॅसची शेगडी आणि औषधांचे डबे घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्या. औषधाची बाटली लेबल वाचल्याशिवाय उघडू नका.

५. हमखास गुण देतो म्हणून महागडी औषधे विकणाऱ्यांपासून दूर राहा.

६. आणि घरच्यांनो, त्या माणसाला आळशी म्हणू नका. निदान वहीभर दिवस जाऊ द्या, मग बोला.

२०२२ च्या आवणीपूर्वी मी त्या शेतकऱ्यांकडे मुद्दाम गेलो. घरातल्या वडीलधाऱ्यांना ओटीवर बसवून हे सगळे, खारबांधाच्या दाखल्यासह, सांगितले. (डब्लिनचे काम तेव्हा झाले नव्हते. पण बांध झिरपला तर काय होते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते.) मग दादांना म्हणालो, "गेल्या भाद्रपदात बोललो ते चुकलो." ते नुसते हसले आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितले.

आता त्यांच्या दाराच्या आतल्या बाजूला कॅलेंडर असते. युरिया टाकला, की त्या तारखेवर वहिनी लाल खूण करतात. डोके पुष्कळसे निवळले आहे. शब्द अजून कधीकधी अडतो. वास अर्धामुर्धा परत आला आहे. मागच्या भेटीत निघताना म्हणाले, "साहेब, औंदा नव्या भाताचा वास आला थोडा."

तुमच्या घरात, शेजारी, आळीत असे कोणी असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ जाऊन बसा. रिपोर्ट मागू नका. काय होते ते विचारा, आणि तो सांगेल ते ऐका.